शाहरुख जर्मन बोलतो

आमच्या जर्मनीतल्या ऑफिसात हिशेब खात्यात पन्नाशीच्या एक बाई आहेत. त्यांच्या टेबलावर नवरा-मुलांच्या फोटोशेजारी शाहरुख खानचा फोटो आहे, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत. २००४ साली इथल्या आरटीएल-दोन वाहिनीनं 'कभी खुशी कभी गम' जर्मनमध्ये डब करून दाखवला आणि या बाई त्यात कायमच्या अडकल्या. गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये मी त्यांना मोबाइलवर शाहरुखची एक मुलाखत ऐकवली. त्याच्या स्वतःच्या आवाजातली. बाईंनी मिनिटभर ऐकली, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "हा आवाज त्याला शोभत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो. रविवारी कोल्हापूरला फोन लावला तेव्हा आईलाही सांगितलं. ती काही हसली नाही. "त्यांच्या भाषेत दाखवला, त्यांना आवडला. त्यात हसायचं काय?" असं म्हणून ती 'छावा'वर आली. दादा-वहिनींबरोबर नुकताच बघून आली होती. "तो पोरगा मराठी काय झकास बोललाय रे!"

"आई, सिनेमा हिंदी होता."

"छट्. मराठीच होतं की!"

मग फोन दादाकडे गेला. दादानं निकाल दिला की हिंदीच होता. मागून आईचा आवाज आला, "मग मला कसं सगळं कळलं?"

एका बाईला डब केलेला शाहरुख खरा वाटतो आणि दुसरीला हिंदी बोलणारे संभाजी महाराज मराठीतून ऐकू येतात. या दोन प्रसंगांची गाठ माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलीय. मधल्या काळात जे थोडेफार सिनेमे पाहिले, ते मी या गाठीशी खेळतच पाहिले.

आधीच सांगतो, मला सिनेमातलं फार कळत नाही. मी स्टुटगार्टजवळच्या सिंडेलफिंगन गावात चौदा वर्षं राहणारा यंत्र अभियंता. कंटाळा आला तर मध्येच उठून जाणारा, रडू आलं तर चष्मा पुसल्याचं सोंग करणारा प्रेक्षक. कोल्हापूरचा असल्यामुळे सिनेमावर बोलायचा हक्क आपल्याला जन्मजात आहे, एवढी एकच गुर्मी. 'उमा' आणि 'पार्वती'च्या रांगांत आमचं शिक्षण झालं.

'छावा' मी इथल्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर उणे तीन, आत शिवगर्जना. दारातला जर्मन पोऱ्या तिकिटं फाडता फाडता बावरून आमच्याकडे बघत होता. विकी कौशलनं जीव ओतलाय, त्यात वाद नाही. पण सिनेमाला दोनच पट्ट्या येतात, मोठ्यानं आणि अजून मोठ्यानं. शेवटचा छळ इतका लांबवलाय की मी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांना ढोल जास्तच ऐकू आले. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा हा राजा. त्याचं ते अंग मला बघायचं होतं. विनीत कुमार सिंगनं केलेला कवी कलश तेवढा बरोबर घेऊन मी बाहेर पडलो. आमच्या व्हॉट्सॲप गटावर हे लिहिलं तर तीन जणांनी माझ्या बापजाद्यांची चौकशी केली.

हा सिनेमा यायच्या आधी जानेवारीत लेझीमचा वाद झाला होता. झलकीत महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि तो भाग काढला गेला. आता या प्रकरणातली माणसं मोजा. राजे मराठी. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला ती शिवाजी सावंतांची, मराठी. दिग्दर्शक मराठी, आक्षेप घेणारे मराठी, ज्यांना भेटले ते मराठी. लेझीम तर मराठीच. हिंदी होता तो फक्त सिनेमा. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण तो मराठीतही डब व्हावा अशी मागणी मंत्री उदय सामंत यांनी केली होती. पण रस्त्यावर जी ऊर्जा लागली ती लेझमीसाठी. तेलुगू प्रेक्षकांना मात्र तो ७ मार्चला त्यांच्या भाषेत मिळाला.

एप्रिलमध्ये 'फुले' आला. तोही हिंदी. ११ तारखेला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा तो काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर पुढे ढकलला गेला आणि २५ ला लागला. एका वर्षात महाराष्ट्रातल्या दोन एवढ्या मोठ्या माणसांवर सिनेमे आले, दोन्ही हिंदीत, आणि भांडण आपण मराठीत केलं. जोतीरावांवर आचार्य अत्र्यांनी १९५४ साली मराठीत सिनेमा काढला होता आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं होतं. म्हणजे हे आपल्याला जमत नाही अशातला भाग नाही.

खेळ बंद पाडण्याच्या बाबतीत मात्र मी परदेशात बसून 'बघा, इथं असं चालत नाही' असं म्हणणार नाही. चालत नाही कारण एकदा फार वाईट चाललं. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या एका थिएटरात 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा अमेरिकन सिनेमा लागला. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांची गोष्ट, एरिश मारिया रेमार्कच्या जर्मन कादंबरीवरची. हिटलरचा प्रचारप्रमुख गोबेल्स, त्याच्या माणसांनी आत घुसून दुर्गंधीचे बॉम्ब फोडले आणि अंधारात पांढरे उंदीर सोडले. बायकामाणसं खुर्च्यांवर चढली. बाहेर निदर्शनं सुरू राहिली आणि आठवडाभरात, ११ डिसेंबरला, वरिष्ठ सेन्सॉर मंडळानं सिनेमावर बंदी घातली. कारण काय, तर जर्मनीच्या प्रतिष्ठेला धोका. त्या वेळी हिटलर सत्तेवर नव्हता हे लक्षात घ्या. सरकार दुसऱ्यांचं होतं, ते उंदरांना घाबरलं. त्याच कादंबरीवरच्या नव्या जर्मन सिनेमाला २०२३ मध्ये चार ऑस्कर मिळाले. इथल्या समीक्षकांनी त्यालाही झोडपलं, पण लेख लिहून.

ऑक्टोबरमध्ये 'मनाचे श्लोक' नावाच्या सिनेमाचे पुण्यातले खेळ थांबवले गेले. रामदासांच्या ग्रंथाचं नाव प्रेमकथेला दिलं, हा आक्षेप. आठवड्याभरात तोच सिनेमा 'तू बोल ना' या नावानं परत लागला. ही बातमी मी ट्रेनमध्ये वाचत होतो आणि मला पांढरे उंदीरच आठवले. माझ्या आजीला मनाचे श्लोक सगळे पाठ होते. तिच्या काही भावना दुखावल्या असत्या असं वाटत नाही. तिनं विचारलं असतं, सिनेमा मराठी आहे ना, मग चला.

जर्मन लोक आता सगळे शहाणे झालेत असंही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका प्रकाशनानं विनेटू या जर्मन कथांतल्या 'रेड इंडियन' नायकाची मुलांसाठी काढलेली पुस्तकं टीका झाल्यावर आपणहून मागे घेतली आणि देशभर महिनाभर रणकंदन झालं. अर्धे म्हणाले, मूळ निवासींचा अपमान. अर्धे म्हणाले, आमचं बालपण हिरावलं. ऑफिसात तेव्हा कॉफीच्या यंत्रापाशी ज्या सुरात वाद चालायचे तो सूर मला अगदी घरचा वाटला.

त्याच विनेटूची टर उडवणारा 'दास कानू देस मानिटू' २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. २००१ च्या एका तुफान चाललेल्या विनोदी सिनेमाचा हा पुढचा भाग, आणि त्या वर्षी जर्मन सिनेमांत सगळ्यात जास्त चालला तो हाच. तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. त्यातला आदिवासी सरदार अस्सल बवेरियन बोलीत बोलतो, म्हणजे शोलेतल्या गब्बरनं मालवणीत बोलावं तसं. हॉल गडगडत होता. लेक हसून हसून खुर्चीतून घसरली. आणि मी, चौदा वर्षं या भाषेत पगार घेणारा माणूस, अर्ध्या विनोदांना दुसऱ्यांचं बघून हसत होतो. बाहेर आल्यावर तिनं एक वाक्य समजावून सांगितलं. समजावलेल्या विनोदाला कोण हसतं? सिनेमा म्हणून तो साधारणच आहे, पहिल्या भागाच्या पुण्याईवर जगणारा. पण त्या दोन तासांत मला कळलं की भाषा येणं आणि भाषेत हसता येणं यांत एक आख्खं बालपण असतं.

तिचं बालपण इथलं. हे मी जाणूनबुजून निवडलं, तेव्हा तक्रार नाही. पण तिचं जर्मन असं मुरलं कशानं, ते मी बघितलंय. शाळेनं, आणि टीव्हीनं. इथं सगळं डब होतं. जपानी कार्टून, अमेरिकन महानायक, कोरियन मालिका, झाडून सगळं. ब्रॅड पिट जर्मन, डोनाल्ड डक जर्मन. मोठ्या अभिनेत्यांना वर्षानुवर्षं एकच ठरलेला आवाज असतो, आणि तो बदलला की लोक रागावून लिहितात. मूळ भाषेत बघायचं तर वेगळा खेळ शोधावा लागतो. सुरुवातीची काही वर्षं मला याचा संताप यायचा. ओठ एक बोलतात, आवाज दुसराच, आणि अमेरिकेतला गुंड अशा नीटस व्याकरणात धमकी देतो की भीतीच वाटत नाही. अजूनही मी शक्यतो मूळ भाषेतच बघतो. पण या लोकांना आपली भाषा टिकवण्यासाठी सिनेमात तिचा जयघोष करावा लागत नाही. ती तिथं असतेच, पाणचट विनोदात, दुय्यम दर्जाच्या भुताटकीत, जाहिरातीत. इथं लागणारे बहुतेक सिनेमे जर्मन नसतातच, पण प्रेक्षकाच्या कानावर जर्मनच पडतं.

आपल्याकडे हिंदी सिनेमा मराठीत कशाला आणायचा, सगळ्यांना हिंदी कळतं की, हे उत्तर ठरलेलं. माझी आई त्याचा चालता-बोलता पुरावा आहे. कळतं म्हणजे इतकं कळतं की हिंदी आहे हेच लक्षात राहत नाही. पण 'कळतं' इथं थांबलं की पुढे काय होतं ते दादाच्या घरात बघावं. पुतण्याला बॅटमॅन इंग्रजीत, छोटा भीम हिंदीत, आणि मराठी कशात? तर शिवजयंतीच्या पोवाड्यात आणि आजीच्या रागावण्यात. ज्या भाषेत गमतीचं काहीच घडत नाही, ती पोरं कशाला बोलतील?

हे काही नवं वेड नाही माझं. 'प्रभात'नं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला, पहिला मराठी बोलपट, तोही आमच्या कोल्हापुरात. तो त्यांनी मराठीत केला आणि हिंदीतही. पुढे 'कुंकू'चा 'दुनिया ना माने' झाला, 'माणूस'चा 'आदमी', 'शेजारी'चा 'पडोसी'. डबिंगची सोय नव्हती तर एकेक प्रसंग दोनदा चित्रित केला, दोन भाषांत. हिंदीचा बाजार त्यांनाही हवाच होता. पण तो मराठी माणसाला वगळून नको होता. (याच 'प्रभात'चा 'सैरंध्री' १९३३ मध्ये रंगीत करायला शांतारामबापू जर्मनीत आले होते. रंग बिनसले. इकडे येणाऱ्या कोल्हापूरकरांचं नशीब तेव्हापासून असंच आहे.)

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. कन्नड सिनेमावाल्यांनी कित्येक दशकं डबिंगला विरोधच केला. बाहेरचे मोठे सिनेमे कन्नडमध्ये यायला लागले तर आपले छोटे मरतील, ही भीती. मराठीतही हेच होईल असं माझा एक मित्र म्हणतो, जो या धंद्यात आहे. तो म्हणतो, "आत्ता निदान मराठी ऐकायचं असेल तर माणूस आमच्याकडे येतो. उद्या 'पुष्पा' मराठीत मिळाला तर कशाला येईल?" मला त्याची भीती पटते, पण हिशेब पटत नाही. मराठी ऐकण्यासाठी म्हणून सिनेमाला जाणारा प्रेक्षक ही कल्पनाच मला केविलवाणी वाटते. माणूस गोष्टीसाठी जातो.

गोष्टीसाठी गेला की कसा जातो, ते सप्टेंबरात बघितलं. बाबांचा म्हाळ होता म्हणून मी कोल्हापुरात होतो. 'दशावतार' १२ तारखेला लागला होता. आई आधी म्हणाली, "पक्षात पिच्चर बघतात होय?" मग म्हणाली, "प्रभावळकर आहे म्हणतोस, मग जाऊया." हॉल भरलेला. दिलीप प्रभावळकर एक्याऐंशीचे, आणि तो म्हातारा बाबुली मेस्त्री रंग लावून उभा राहतो तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं नमस्कार केला. पूर्वार्ध मला फार आवडला. बाप-लेकाचं नातं, अधू होत चाललेली नजर, कोकणातली ओली झाडं, आणि त्यावर नजर ठेवून असलेला खाणींचा पैसा. उत्तरार्ध सुडाच्या वाटेला लागतो आणि बराचसा दक्षिणेकडच्या मसाल्यात शिजतो. तिथं मी थोडा बाहेर पडलो. आई मात्र जास्तच आत गेली. परत येताना रिक्षात म्हणाली, "त्यांची भाषा निम्मी कळली नाही, पण काही अडलं नाही." मराठीतल्याच एका बोलीबद्दल ती हे बोलत होती, आणि 'छावा'ची हिंदी तिला मराठी वाटली होती. या बाईचा कान कसा चालतो ते देव जाणे.

नोव्हेंबरात हाच सिनेमा आमच्या मंडळानं इथं दाखवला. मराठी सिनेमाचा आमचा एकच खेळ असतो, रविवारी सकाळी अकराला, त्यासाठी गटावर मतदान होतं, इतकी तिकिटं खपली तरच पडदा मिळतो. सोळा युरो तिकीट. गाड्यांच्या तळावर कुणाच्या तरी डिकीतून वडापाव. जर्मन थिएटरात मध्यंतर नसतं, त्यामुळे पडद्यावर 'मध्यंतर' अशी पाटी येते आणि पुढच्या क्षणी सिनेमा सुरू, दर वेळी सगळे हसतात. कोल्हापुरात जिथं मी सुस्कारा टाकला होता त्याच जागी इथं मी रडलो. सिनेमा तोच होता. मग फरक कुठला? हा की इथं कोकणातलं एक झाड दिसलं तरी आम्ही पास करतो. परदेशातला मराठी प्रेक्षक हा फार वाईट परीक्षक आहे. आम्ही सिनेमा बघत नाही, आम्ही सुट्टी बघतो. आमच्या टाळ्यांवर कुणा निर्मात्यानं विश्वास ठेवू नये.

म्हणून 'सबर बोंडं' मी भारतातच पाहिला हे बरं झालं. परतीच्या आधी पुण्यात एक दिवस हातात होता. सकाळी पावणेअकराचा खेळ, हॉलमध्ये मी धरून अकरा जण. रोहन कानवडेचा हा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात याला जागतिक विभागातलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, त्या महोत्सवात गेलेला पहिला मराठी कथापट. आणि आपल्याकडे तो थिएटरात आणला राणा दग्गुबातीच्या कंपनीनं, म्हणजे एका तेलुगू नटानं.

गोष्ट एवढीच: मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस आईबरोबर गावी येतो. पाहुणे लग्नाचं टुमणं लावतात. शेतात राबणारा लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांमध्ये जे होतं ते परत उगवतं. संगीत नाही. कॅमेरा एका जागी बसून राहतो, अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. सुरुवातीला मी चुळबुळलो. मग एका जागी, काहीच घडत नसताना, मला श्वास घेता येईना.

बाबा २०२३ च्या नोव्हेंबरात गेले. फ्रँकफर्ट, मुंबई, मग टॅक्सीनं कोल्हापूर, मी पोचलो तो तिसरा दिवस होता. इथं वडील गेल्यावर कंपनी दोन दिवसांची खास रजा देते. बाकीची मी माझ्या हक्काच्या रजेतून काढली, पण एका प्रकल्पाची तारीख गळ्याशी आलेली, म्हणून दहावं-अकरावं करून निघालो. तेराव्याला मी इथं एका बैठकीत होतो, पंपाच्या आवाजाबद्दल बोलत होतो. दादा यावर कधीच काही बोलला नाही. त्या सिनेमात कुणी कुणाला फार बोलत नाही. चहा होतो, माणसं येतात-जातात, आनंद भिंतीला टेकून बसतो. माझ्या वाट्याला न आलेलं ते बसणं मी अकरा माणसांच्या हॉलमध्ये बसून घेतलं. पुढच्या रांगेत एक सत्तरीचं जोडपं होतं. मला वाटलं, दोन पुरुषांचं प्रेम आहे कळल्यावर उठून जातील. नाही गेले. दिवे लागल्यावर आजोबांनी आजींना हात दिला आणि म्हणाले, "चला, सावकाश."

रात्री आईला गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्याच्या आईला माहीत होतं का?" म्हटलं, "हो." "मग ठीक."

अकरा माणसं. आता यावर महाराष्ट्रातला ठरलेला वाद सुरू होतो, मराठीला पडदे मिळत नाहीत. जुलैत हिंदी 'सैयारा' आणि मराठी 'येरे येरे पैसा ३' एकाच दिवशी आले तेव्हा तो परत पेटला होता. २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी सिनेमा दाखवा म्हणून सांगितलं, त्यावर लेखिका शोभा डे यांच्या विरोधी ट्विटवरून केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी 'दुपारी बारा ते रात्री नऊ' अशी मोठी खिडकी ठरली. त्या खिडकीत अडीचचा खेळही बसतो. मंगळवारी अडीचला कोण मोकळं असतं? फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर बसतो, त्यात अमेरिकन सिनेमाची तिकिटंही आली, आणि तो पैसा सिनेमाच्या निधीत जातो. जर्मनीतही थिएटरांच्या कमाईचा छोटा वाटा असाच सिनेमाकडे वळतो. म्हणजे 'सैयारा'च्या गर्दीतून 'सबर बोंडं'सारख्या एखाद्याच्या पोटाला मिळावं, अशी ती रचना. पडद्यासाठी काचा फोडण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कंटाळवाणं असलं तरी. अर्थात मी हे कुठल्या तोंडानं सांगतोय? चौदा वर्षांत थिएटरात मराठी सिनेमाची मी किती तिकिटं काढली ते मोजलं. नऊ.

आणि मग जानेवारीत मंडळानं 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' दाखवला. हेमंत ढोमेचा. बंद पडू घातलेली मराठी शाळा आणि ती वाचवायला जमलेले माजी विद्यार्थी. सचिन खेडेकर मुख्याध्यापक. गोड आहे, मध्ये मध्ये भाषण होतं, पण बाकांवर कोरलेली नावं बघून कोण टिकणार? हॉल हुंदक्यांनी भरला होता. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळांत पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला, ५ जुलैला दोन ठाकरे बंधू वरळीत एका व्यासपीठावर आले, तेव्हा आमच्या गटावर हेच सगळे लोक तावातावानं लिहीत होते. मीही लिहिलं. सिनेमा संपल्यावर आम्ही लाल डोळ्यांनी बाहेर आलो तर आमची पोरं मार्गिकेत जमिनीवर बसून पत्ते खेळत होती. जर्मनमध्ये. एक जण जर्मनमध्येच दुसऱ्याला म्हणाला, आले रडून.

दादाचा मुलगा इंग्रजी माध्यमात, म्हणून मी त्याला बोललो होतो. तो म्हणाला, "तुझी जर्मन माध्यमात आहे." मी म्हटलं, "ती इथली भाषा आहे." "तेच तर," दादा म्हणाला, "तिथं इंजिनिअरच्या पोरीला तिथल्या भाषेत शिकून चालतं. इथं चालत नाही." यावर मला उत्तर नव्हतं, अजून नाही. सिनेमातही नव्हतं. तिथं शाळा वाचवायची की नाही एवढाच प्रश्न असतो. तिथून शिकून निघालेल्या पोरीला पुढे मुलाखत कुठल्या भाषेत द्यावी लागते, तो प्रश्न पडदा पडल्यावर सुरू होतो.

गेल्या रविवारी आईचा फोन आला, ठरल्या वेळेच्या आधी. टीव्हीवर कुठलासा तेलुगू सिनेमा मराठीत डब केलेला लागला होता, तो तिनं सलग तीन तास बघितला होता. नाव तिला सांगता येईना. मी विचारलं, "आवाज कसे होते?"

"आवाज कसले, ओठ एकीकडं आणि बोलणं एकीकडं," ती म्हणाली. "पण हिरो चांगला होता. बोलायला अगदी आपल्या मिरजेकडचा."